रेटिनल इम्प्लान्ट : इलेक्ट्रोड वाढवले की नजर वाढते का?

मध्यपटल (धागाकर्ता)

ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रिमा या, डोळ्याच्या पडद्याखाली (रेटिनाखाली) बसवायच्या इम्प्लान्टच्या युरोपातल्या चाचणीचे निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. पाच देश, १७ केंद्रं, ३८ रुग्ण. वर्षानंतर तपासता आलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांची नजर तक्त्यावर दखल घ्यावी इतकी सुधारली, सरासरी पाच ओळी. तेव्हापासून बायोनिक डोळ्याच्या बातम्यांना ऊत आलाय आणि जवळजवळ प्रत्येक बातमीत एकच आकडा पुढे केला जातो : चिपवर पिक्सेल किती. नुसता हा आकडा धरून चाललं तर हमखास चुकीचा निष्कर्ष निघतो, म्हणून हा धागा.

आधी गाळणी लावू, म्हणजे हे कुणाच्या उपयोगाचं ते पाहू. पडद्यात मागच्या बाजूला प्रकाश पकडणाऱ्या दंडपेशी आणि शंकूपेशी, त्यांच्या पुढे बायोपोलर पेशींचा थर, आणि सगळ्यात पुढे सुमारे दहा लाख गँगलियन पेशी, ज्यांचे तंतू एकत्र येऊन दृष्टीची नस होते. रेटिनायटिस पिगमेंटोसा (पुढे आरपी) किंवा वयोमानाने होणारं कोरडं मॅक्युलर डिजनरेशन (एएमडी, पडद्याचा मध्यभाग म्हणजे मॅक्युला झिजणं) यांत मागचा थर मरतो, पण पुढचे दोन थर बऱ्याच प्रमाणात जिवंत राहतात. इम्प्लान्ट त्या उरलेल्या पेशींना विजेने चेतवतं. काचबिंदूने नस वाळली असेल, पडदा पूर्ण निसटून जुना झाला असेल किंवा डायबेटिक रेटिनोपथीने आतले थरच गेले असतील, तर पडद्यावरची कोणतीही चिप उपयोगाची नाही.

आता आकडे. पडद्यावर ५ मायक्रॉन म्हणजे साधारण १ कोनीय मिनिट. ६/६ म्हणजे निरोगी नजरेला अक्षराची रेघ एवढीच जाड असते; खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी. म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर ५ ने भागलं आणि त्याला ६ ने गुणलं की ६/किती नजर अपेक्षित आहे ते निघतं.

आर्गस २ (पडद्याच्या वर बसणारं आधीचं इम्प्लान्ट) : ६० इलेक्ट्रोड, अंतर ५७५ मायक्रॉन. हिशेबाने ६/६९०. प्रत्यक्षात सर्वोत्तम रुग्णाची नोंद २०/१२६०, म्हणजे ६/३७८.

अल्फा आयएमएस (पडद्याखाली बसणारं आधीचं इम्प्लान्ट) : १५०० पिक्सेल, अंतर ७० मायक्रॉन. हिशेबाने ६/८४. प्रत्यक्षात सर्वोत्तम २०/५४६, म्हणजे ६/१६४ च्या आसपास.

प्रिमा : ३७८ पिक्सेल, प्रत्येकी १०० मायक्रॉन. हिशेबाने ६/१२०. पॅरिसमधल्या पहिल्या पाच रुग्णांच्या चाचणीत झूम न वापरता सर्वोत्तम २०/४६०, म्हणजे ६/१३८.

तिसरी ओळ दुसरीशी ताडून बघा. अल्फात प्रिमाच्या चौपट पिक्सेल, तेही जास्त दाट, आणि नजर मात्र प्रिमाची चांगली. प्रिमा आपल्या हिशेबाच्या अगदी जवळ पोचतं, अल्फा निम्म्यावर अडकतं. आर्गस हिशेबापेक्षा पुढे गेलेलं दिसतं कारण रुग्ण डोकं हलवून कॅमेऱ्याने चित्र चाचपतो आणि वेळेच्या अक्षावर माहिती गोळा करतो. ती इलेक्ट्रोडची कमाई नाही, मेंदूची आहे.

---

काटेकोर

छान मांडणी. एक तांत्रिक शंका. मोबाइलच्या कॅमेऱ्यात १ मायक्रॉनच्या आसपासचे पिक्सेल सर्रास असतात. मग १० मायक्रॉनचे इलेक्ट्रोड लावून हजारोंनी संख्या का वाढवत नाहीत? लिथोग्राफीची (चिपवर बारीक रचना कोरण्याच्या तंत्राची) अडचण तर नक्कीच नाही.

---

धातुकाम

अडचण इलेक्ट्रोड आणि ओल्या ऊतीच्या सीमेवर आहे. कॅमेऱ्याचा पिक्सेल फक्त मोजतो. इथला पिक्सेल विद्युतभार ओततो, आणि किती ओतायचा याला रसायनशास्त्राची मर्यादा आहे.

धातूत वीज इलेक्ट्रॉन वाहतात, डोळ्यातल्या द्रवात आयन. सीमेवर हा बदल सुरक्षित रीतीने व्हायचा तर इलेक्ट्रोडचं विभव (व्होल्टेज) एका खिडकीत राहिलं पाहिजे. प्लॅटिनमसाठी ती सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत साधारण −०.६ ते +०.८ व्होल्ट. त्याबाहेर गेलं की पाण्याचं विघटन सुरू : बुडबुडे, आम्लता बदलते, धातू विरघळतो, खालच्या पेशी भाजतात.

प्रत्यक्ष हिशेब. आर्गस २ चा इलेक्ट्रोड २०० मायक्रॉन व्यासाची चकती. क्षेत्रफळ ०.०००३१४ चौरस सेंटिमीटर. साध्या प्लॅटिनमची वरची मर्यादा ०.३५ मिलिकूलोम प्रति चौ. सेंमी धरली तर एका पल्समध्ये ११० नॅनोकूलोम. पल्सचा एक टप्पा ०.४५ मिलिसेकंदाचा असेल तर विद्युतप्रवाह साधारण २४५ मायक्रोॲम्पिअर. आता व्यास ५० मायक्रॉन करा. क्षेत्रफळ १६ पटीने घटतं, हातात उरतात जेमतेम ७ नॅनोकूलोम आणि १५ मायक्रोॲम्पिअर. पेशी तेवढ्याच दूर असतील तर त्यांना लागणारा विद्युतभार मात्र १६ पटीने घटत नाही. म्हणजे इलेक्ट्रोड लहान केला, तो चालू केला, आणि रुग्णाला काहीच दिसलं नाही, असं होतं.

यावर उपाय म्हणजे पृष्ठभाग खडबडीत किंवा सच्छिद्र करणं. आर्गसचं प्लॅटिनम त्याच कारणाने मुद्दाम राखाडी, खडबडीत लेपाचं होतं. अल्फात टायटॅनियम नायट्राइड. प्रिमात इरिडियम ऑक्साइडचा स्पटर केलेला थर, जो साध्या प्लॅटिनमच्या कितीतरी पट, १ मिलिकूलोम प्रति चौ. सेंमीच्या पुढे जाऊ शकतो. त्यात इरिडियमची संयुजा खाली-वर होत असते, त्यामुळे थराची पूर्ण जाडी कामाला येते, नुसता वरचा पृष्ठभाग नाही.

पल्स नेहमी दोन टप्प्यांची : आधी ऋण, मग तेवढीच धन. दोन टप्प्यांत १ टक्का जरी फरक राहिला तरी सेकंदाला कित्येक वेळा तो साचत जातो. म्हणून दोन पल्सच्या मधल्या वेळात इलेक्ट्रोड परतीच्या (प्रवाह परत नेणाऱ्या) तारेला जोडून उरलेला विद्युतभार काढून टाकतात. प्रत्येक चॅनेलला वेगळा कपॅसिटर लावणं सर्वांत सुरक्षित, पण डोळ्यावर बसणाऱ्या डबीत तेवढी जागा मिळत नाही.

प्रयोगशाळेत तपासायचं असेल तर : फॉस्फेट बफर सलाइन, ३७ अंश, मोठा परतीचा इलेक्ट्रोड, आणि ऑसिलोस्कोपवर विभवाचा आलेख. पल्स सुरू होताक्षणी जी उभी उडी दिसते ती द्रावणाच्या रोधाची, ती वजा करायची. २०० मायक्रॉनच्या चकतीला सलाइनमध्ये हा रोध १.७ किलोओहमच्या आसपास येतो, म्हणजे वरच्या प्रवाहाला ०.४ व्होल्ट. ती उडी वजा न करता आलेखाचं टोक वाचलं तर चांगला इलेक्ट्रोड नापास होतो. उलट, जास्त वजा केली तर वाईट पास होतो, आणि ते जास्त घातक.

---

मध्यपटल

@काटेकोर, धातुकाम यांनी रसायन सांगितलं, आता विद्युतक्षेत्राचा फैलाव बघू. अल्फा आणि प्रिमातला फरक इथेच आहे.

अल्फात सगळ्या पिक्सेलना परतीचा इलेक्ट्रोड एकच, आणि तोही लांब. शेजारचे शेकडो पिक्सेल एकदम पेटले की त्यांची क्षेत्रं एकमेकांत मिसळतात, कडा पुसल्या जातात. प्रिमात प्रत्येक षटकोनी पिक्सेलभोवती त्याचं स्वतःचं परतीचं कडं आहे. क्षेत्र तिथल्या तिथे बंद होतं, म्हणून शेजाऱ्याचा त्रास कमी.

याची किंमत चुकवावी लागते. परतीचं कडं जवळ असलं की क्षेत्र खोलवर जात नाही. ढोबळमानाने ते पिक्सेलच्या अर्ध्या रुंदीएवढं वर चढतं. १०० मायक्रॉनला ते बायोपोलर पेशींपर्यंत पोचतं. २० मायक्रॉनच्या सपाट पिक्सेलचं १० मायक्रॉनमध्येच संपेल, आणि चिप व जिवंत पेशी यांच्यामध्ये मृत प्रकाशग्राही थराचा जो गाळ उरलेला असतो तो ओलांडणारच नाही. म्हणून स्टॅनफर्डला डॅनिअल पालान्कर यांच्या गटाने त्रिमितीय रचना करून बघितल्या : पेशींच्या थरात घुसणारे खांब, किंवा मधाच्या पोळ्यासारख्या खाचा ज्यांत पेशी स्वतःहून उतरतात आणि उभ्या भिंती क्षेत्राला वर ढकलतात. ४० आणि २० मायक्रॉनचे पिक्सेल प्रयोगशाळेतल्या उंदरांवर तपासले गेलेत. स्थानिक परतीच्या कड्याच्या या रचनेत माणसात १०० मायक्रॉनच सिद्ध झालंय.

पडद्याच्या वर, म्हणजे गँगलियनच्या बाजूने इलेक्ट्रोड ठेवला (आर्गसची पद्धत) तर आणखी एक गोची होते. गँगलियन पेशींचे तंतू पडद्याच्या पृष्ठभागावरून कमानीसारखे नसेकडे जातात. इलेक्ट्रोड खालच्या पेशीबरोबर वरून जाणारा लांबच्या पेशीचा तंतूही चेतवतो. मेंदूला वाटतं प्रकाश त्या लांबच्या पेशीपाशी पडला. परिणामी ठिपका दिसण्याऐवजी वाकडी लांब रेघ दिसते, आणि प्रत्येक इलेक्ट्रोडची रेघ त्याच्या जागेनुसार वेगळी. ६० इलेक्ट्रोड होते, पण वेगळे ओळखता येणारे ठिपके त्याहून बरेच कमी. पल्स २५ मिलिसेकंदापर्यंत लांबवली तर तंतूंऐवजी बायोपोलर पेशी चेतवल्या जातात आणि ठिपका आवळला जातो, हे माणसांवर दाखवलं गेलंय. पण लांब पल्स म्हणजे जास्त विद्युतभार, म्हणजे फिरून धातुकाम यांच्या मर्यादेपाशी.

पडद्याखाली चिप ठेवली तर बायोपोलर पेशी समोरच असतात आणि पडद्याचं स्वतःचं जाळं थोडंफार कामाला लागतं. माझं मत स्पष्ट आहे : पुढची दहा वर्षं पडद्याखालच्या तारविरहित चिपचीच.

---

काटेकोर

पटलं. तारविरहित म्हणजे वीज कुठून येते? खोलीतला प्रकाश पुरतो का?

---

मध्यपटल

नाही पुरत. भर उन्हातही पडद्यावर पडणारा प्रकाश चिपला लागणाऱ्या तीव्रतेच्या हजाराव्या भागाच्या घरात असतो. म्हणून चष्म्यात कॅमेरा, कमरेला प्रोसेसर, आणि चष्म्यातूनच ८८० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाने ते चित्र डोळ्यात फेकलं जातं. प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक छोटासा सौर सेल : प्रकाश पडला की तिथल्या तिथे प्रवाह. तीव्रता प्रति चौरस मिलिमीटर ३ मिलिवॅटच्या आसपास, सेकंदाला ३० पल्स, एक पल्स ०.७ ते ९.८ मिलिसेकंद. किती तेजस्वी दिसावं ते पल्सच्या लांबीने ठरवतात.

८८० नॅनोमीटर निवडण्याचं कारण महत्त्वाचं आहे. उरलेल्या जिवंत शंकूपेशींना तो प्रकाश दिसत नाही. एएमडीच्या रुग्णाची कडेची नजर शाबूत असते, मध्य गेलेला असतो. दृश्य प्रकाश इतक्या जोरात फेकला तर कडेची नजर दिपून जाईल. अवरक्त वापरल्यामुळे कडेची नैसर्गिक नजर आणि मध्याची कृत्रिम नजर दोन्ही एकदम चालतात. उष्णतेची मर्यादाही आहेच : शरीरात बसवलेल्या सक्रिय उपकरणाचा पृष्ठभाग २ अंशांहून जास्त तापता कामा नये.

---

शिरोबिंदू

पडद्याच्या शस्त्रक्रियेच्या बाजूने लिहितो, कारण चिप कितीही चांगली असली तरी ती जागेवर बसली नाही तर सगळं फुकट.

आर्गस २ मध्ये शस्त्रक्रिया दोन भागांत. बाहेरून : डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ पारदर्शक आवरण पूर्ण वर्तुळात मोकळं करायचं, सरळ स्नायू हुकवर घ्यायचे, इलेक्ट्रॉनिक्सची डबी आणि कॉइल डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीवर बाहेरच्या स्नायूखालून बसवून पट्ट्याने बांधायची. आतून : नैसर्गिक भिंग असेल तर काढायचं, व्हिट्रिअस (डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ) पूर्ण साफ करायचं, साधारण ५ मिलिमीटरच्या छेदातून इलेक्ट्रोडची पट्टी आत घालायची, मॅक्युलावर ठेवायची आणि टायटॅनियमच्या स्प्रिंग लावलेल्या टाचणीने ठोकायची. टाचणी पडदा, कोरॉइड (त्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर) आणि भिंत तिन्ही भेदते. एकच टाचणी, म्हणून पट्टीचा लांबचा कोपरा उचलला जाऊ शकतो. कोपरा पडद्यापासून दूर गेला की तिथल्या इलेक्ट्रोडचा उंबरठा (काही दिसायला लागणारा किमान प्रवाह) चढतो आणि पुढे तो मर्यादेबाहेर जाऊन बंदच करावा लागतो. म्हणून दर भेटीत ओसीटी (पडद्याच्या थरांचं प्रकाशाने केलेलं स्कॅन) काढून अंतर मोजायचं.

काय बिघडतं? सर्वाधिक डोकेदुखी केबल आणि डबीची. आवरण त्यांच्यावर घासून झिजतं, डबी उघडी पडते, जंतूंना वाट मिळते. त्यामुळे बंद करताना डबीवर पेरिकार्डियम (हृदयावरचं आवरण) किंवा तत्सम ऊतीचं ठिगळ लावणं टाळू नये. छेदातून केबल कायमची जात असल्याने तिथून गळती होऊन डोळ्याचा दाब पडतो, तोही त्रास वारंवार. ३० रुग्णांच्या चाचणीत तीन वर्षांत ११ जणांमध्ये २३ गंभीर घटना नोंदल्या गेल्या. डोळ्याची लांबी २०.५ ते २६ मिलिमीटरच्या बाहेर असेल तर हे इम्प्लान्ट बसवायचंच नव्हतं, कारण केबलची लांबी आणि पट्टीची वक्रता ठरलेली.

प्रिमात केबल, डबी, टाचणी काहीच नाही. चिप २ बाय २ मिलिमीटर, जाडी ३० मायक्रॉन. व्हिट्रिअस काढायचं, बारीक कॅन्युलाने पडद्याखाली द्रव सोडून फुगा करायचा, मृत भागाच्या कडेला चिपच्या रुंदीहून किंचित मोठी चीर द्यायची, रक्तवाहिन्या आधी डायथर्मीने (विजेच्या उष्णतेने) बंद करायच्या, चिप सरकवत मध्यावर न्यायची, जड द्रवाने पडदा सपाट करायचा आणि गॅस किंवा सिलिकॉन तेल भरायचं. अवघड क्षण दोन. फुगा करताना मध्याचा पातळ झालेला पडदा फाटू शकतो. आणि द्रव बाहेर पडताना चिप त्याच्याबरोबर चिरेकडे परत सरकू शकते. वर सांगितलेल्या ३८ जणांपैकी १९ जणांत २६ गंभीर घटना घडल्या : दाब वाढणं, कडेला पडद्याला छेद, पडद्याखाली रक्तस्राव वगैरे. त्यातल्या बहुतेक पहिल्या दोन महिन्यांतल्या आणि उपचारांनी आटोक्यात आलेल्या. कडेची नैसर्गिक नजर सरासरीने घटली नाही, ही माझ्या दृष्टीने चाचणीतली सर्वांत मोलाची नोंद.

---

धातुकाम

शिरोबिंदूंच्या 'केबल नाही' या मुद्द्याला पुष्टी. डोळ्यातलं द्रव म्हणजे ३७ अंशांचं मिठाचं पाणी, आणि ते प्रत्येक फटीत शिरतं. अल्फा आयएमएसचं मध्यम आयुष्य वर्षभरसुद्धा नव्हतं : ओल शिरून आणि केबल तुटून ती बंद पडत. सुधारित अल्फा एएमएस तीन वर्षांच्या पुढे गेलं. आर्गस २ ची इलेक्ट्रॉनिक्स हवाबंद डबीत होती म्हणून ३० पैकी २४ रुग्णांमध्ये ते पाच वर्षांनी चालू होतं.

वेगाने वय वाढवून तपासायची पद्धत : दर १० अंशांना वेग दुप्पट धरायचा. ६७ अंश सलाइनमध्ये ८ पट, म्हणजे पाच वर्षांचं काम साडेसात महिन्यांत. ८७ अंशांवर ३२ पट, दोन महिन्यांच्या आत. पण पॅरिलीन-सी सारखा लेप असेल तर ८७ वर जाऊ नये, तो मऊ पडण्याचं तापमान तिथेच जवळपास आहे, मग जे बिघडतं ते शरीरात कधी बिघडलंच नसतं. आणि चाचणीभर इलेक्ट्रोडवर खरं विभव आणि खऱ्या पल्स चालू ठेवायच्या. नुसतं भिजत ठेवलेलं उपकरण सहज पास होतं, कारण गंज चढायला विभव लागतं.

आणखी एक सापळा. चिपवर संरक्षणासाठी सिलिकॉन नायट्राइड लावतात, ते शरीरात हळूहळू विरघळतं. महिन्यांच्या हिशेबात नॅनोमीटरने, पण सलग. फोटोव्होल्टाइक चिपवर सिलिकॉन कार्बाइडचा थर दिला तर ही झीज बरीच मंदावते, हे प्राण्यांमध्ये तपासून झालंय.

---

रानजाई

पुनर्वसनाची बाजू या चर्चेत नेहमी शेवटी येते, म्हणून आत्ताच लिहिते. शस्त्रक्रिया हा सुरुवातीचा टप्पा. प्रिमात चिप बसवल्यावर महिनाभराने चष्मा पहिल्यांदा चालू करतात आणि त्यानंतर कित्येक महिने सराव असतो.

दिसतं ते रंगहीन. प्रिमाच्या चिपची रुंदी पडद्यावर ७ अंशांच्या आसपास, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर तिच्याहूनही कमी भाग. त्यात अक्षर बसवायचं. म्हणून झूम हे मुख्य साधन आहे : पहिल्या पाच जणांच्या गटात झूम लावल्यावर तक्त्यावरची नजर २०/६३ ते २०/९८ पर्यंत गेली, म्हणजे ६/१९ ते ६/२९. पण त्या वेळी एका क्षणी एकदोन अक्षरंच समोर असतात. वाचन होतं, वेग कमी असतो. चेहरा ओळखणं, रस्ता एकट्याने ओलांडणं याची अपेक्षा ठेवू नये.

सराव कसा घेतात? आधी काळ्या टेबलावर एकच पांढरी वस्तू. 'आहे की नाही', मग 'कुठे आहे', मग हात लावून दाखवणं. हात सारखा एकाच बाजूला चुकत असेल तर दोष रुग्णाचा नाही, कॅमेऱ्याचा मध्य आणि इम्प्लान्टचा मध्य जुळलेला नाही. सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्यातली चौकट सरकवून तो जुळवायचा आणि पुन्हा तपासायचं.

आर्गससारख्या रचनेत कॅमेरा डोक्याला आणि इलेक्ट्रोड बुबुळामागे. रुग्णाने डोळे डावीकडे फिरवले तर कॅमेऱ्यातलं चित्र तेच राहतं, पण मेंदू ती वस्तू डावीकडे आहे असं समजतो. जन्मभराची सवय मोडून डोळे सरळ ठेवायचे आणि फक्त मान फिरवायची. शिवाय चित्र स्थिर राहिलं की काही सेकंदांत विरून जातं. निरोगी डोळा सतत सूक्ष्म थरथरतो म्हणून आपल्याला हे जाणवत नाही. अशा रुग्णांना मान हळूहळू आडवी आणि मग उभी फिरवत राहायला शिकवावं लागतं. अल्फा आणि प्रिमात प्रकाश डोळ्यातून चिपवर येतो, त्यामुळे नजर फिरवली की चित्रही फिरतं. पिक्सेलच्या संख्येत न दिसणारा हा मोठा फायदा आहे.

इलेक्ट्रोडचे उंबरठेही बदलत राहतात. एकेका इलेक्ट्रोडला हळूहळू वाढणारा प्रवाह देऊन 'दिसलं' कधी ते नोंदायचं, मधेमधे काहीही न देता विचारायचं, कारण उत्सुकतेपोटी रुग्ण होकार देतो. ही कोऱ्या फेऱ्यांची शिस्त नसेल तर पुढचं सगळं प्रोग्रॅमिंग चुकीच्या पायावर उभं राहतं.

---

सांजवेळ

धागा वाचून खूप स्पष्टता आली. महाराष्ट्रात आरपीचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हे वाचतील. त्यांनी आज नेमकं काय करावं? आणि कंपनी बंद पडली तर डोळ्यातल्या चिपचं काय होतं?

---

शिरोबिंदू

@सांजवेळ, आधी हे : प्रिमाची चाचणी एएमडीसाठी होती, वय ६० च्या वर आणि नजर २०/३२० म्हणजे ६/९६ किंवा त्याहून कमी. आरपीच्या तरुण रुग्णाला ती लागू नाही. आरपीसाठी आर्गस २ होतं, त्याचं उत्पादन २०१९ मध्येच थांबलं.

आज करण्यासारखं बरंच आहे. आरपीत मोतीबिंदू लवकर येतो, आणि मॅक्युलाला सूजही येते. दोन्हींवर उपचार आहेत. ओसीटी न काढता 'आरपी आहे, काही होणार नाही' म्हणून रुग्णाला परत पाठवणं चूक. जनुकीय चाचणी करून घ्या : आरपीई६५ या जनुकात दोष निघाला तर त्यावरची जनुकोपचार पद्धत अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झाली आहे, आणि पुढच्या कोणत्याही चाचणीत नाव घालायला हा अहवाल लागतोच. ऑप्टोजेनेटिक्सच्या चाचण्याही चालू आहेत, त्यांत गँगलियन किंवा बायोपोलर पेशींनाच प्रकाशसंवेदी बनवतात, चिप लागत नाही. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा आणि लो व्हिजन क्लिनिकला जा.

कुणी भारतात चाचणी चालू असल्याचं सांगितलं तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत तिचा क्रमांक शोधा, ती सर्वांना खुली आहे. नोंद नसेल किंवा प्रायोगिक उपचारासाठी पैसे मागत असतील तर तिथून निघा. विशेषतः आरपीसाठी डोळ्यात स्टेम सेल टोचणारे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा आजारांत स्टेम सेलचा वापर नोंदणीकृत चाचणीबाहेर करता येत नाही.

---

मध्यपटल

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. इतिहास कडवट आहे. अल्फा बनवणारी रॉयटलिंगेनची रेटिना इम्प्लान्ट एजी २०१९ मध्ये बंद झाली. आर्गसच्या सेकंड साइटने २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी कमी केले आणि २०२२ मध्ये ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांच्या डोळ्यांत तिचं उपकरण होतं. प्रोसेसर बिघडला तर बदली भाग मिळेना. एमआरआयची वेळ आली तर या उपकरणासकट तो कसा करायचा हे सांगायला तज्ज्ञ फोनवर नाही. प्रिमा बनवणारी पिक्सियम व्हिजनही आर्थिक संकटात सापडली आणि २०२४ मध्ये सायन्स कॉर्पोरेशनने तिचं तंत्रज्ञान घेतलं.

म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी लेखी उत्तरं मागावीत. चष्मा आणि प्रोसेसरचे सुटे भाग किती वर्षं आणि कोण देणार? कंपनी विकली गेली तर ही जबाबदारी नव्या मालकावर बंधनकारक आहे का? उंबरठ्यांची आणि प्रोग्रॅमिंगची फाइल रुग्णाला मिळणार का? एमआरआय किती टेस्लापर्यंत चालतो आणि त्याचं पत्र रुग्णाच्या हातात आहे का? चिप काढावी लागली तर खर्च कुणाचा? या बाबतीत प्रिमाच्या रचनेला एक फायदा आहे : डोळ्यात राहते ती निष्क्रिय सिलिकॉनची चकती, बॅटरी नाही, केबल नाही. चष्मा बंद पडला तर नजर जाते, पण केबल-डबीसारखा धोका डोळ्याला राहत नाही.

---

काटेकोर

शेवटचा प्रश्न. मग नवीन इम्प्लान्टची बातमी आली की पिक्सेलऐवजी नेमकं काय बघायचं?

---

मध्यपटल

पाच गोष्टी, याच क्रमाने. परतीचा इलेक्ट्रोड स्थानिक आहे की लांबचा. झूम न लावता मोजलेली नजर आणि ती पिक्सेलच्या अंतराच्या हिशेबाच्या किती जवळ आहे. चाचणी उपकरण चालू आणि बंद अशा दोन्ही अवस्थांत घेतली का, कारण एएमडीचा रुग्ण सरावाने कडेच्या नजरेनेही अक्षरं ओळखायला शिकतो आणि तो फायदा चिपच्या नावावर जमा होतो. तीन वर्षांनी किती उपकरणं चालू होती. आणि किती रुग्ण घरी ते रोज वापरत होते. प्रिमाच्या चाचणीत वर्षानंतर ३२ पैकी २७ जण घरी अक्षरं, आकडे किंवा शब्द वाचण्यासाठी वापरत होते, असा आकडा दिलाय. तीन वर्षांनंतर तो किती राहतो त्यावर माझं लक्ष आहे.

---

धातुकाम

सहावी गोष्ट मी जोडतो : लेप कशाचा आणि तो किती तापमानाला, विभव चालू ठेवून, किती महिने तपासला. बातमीत नसेल तर मूळ शोधनिबंधाच्या पद्धतींच्या भागात असतं. तिथेही नसेल तर ते उपकरण अजून प्राण्यांच्या पातळीवरचंच समजावं.